शंभर टक्के हिरवी भाकरी

आकड्यांच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही! हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण माझ्याकडे प्रमाणपत्र आहे. लॅमिनेट केलेलं! नगरला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्याचं. विषय होता, 'शालेय शिक्षणात सांख्यिकी साक्षरता, विदा साक्षरता आणि माहिती साक्षरता'. पहिल्या दिवशी चहाच्या सुट्टीनंतर निम्मे शिक्षक परतलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांतले निम्मे गेले. मी मात्र तिसऱ्या दिवशी शेवटच्या मिनिटापर्यंत पहिल्या बाकावर बसून होतो!

तिन्हींतला फरक मला कधीही विचारा. आकडा वाचून त्याचा अर्थ कळणं, ही सांख्यिकी साक्षरता. विदा म्हणजे डेटा; तो गोळा करून, घासूनपुसून, देखणा मांडणं, ही विदा साक्षरता. आणि हा आकडा आला कुठून, सांगतंय कोण, कुणाला विचारून सांगतंय, हे तपासणं म्हणजे माहिती साक्षरता. पहिल्या दोन म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. तिसरी शेवटच्या दिवशी जेवणानंतर होती आणि त्या दिवशी जेवणात बासुंदी होती. मी पहिल्या बाकावर बसून होतो असं म्हणालो; जागा होतो असं म्हणालेलो नाही.

मी भागवत, मूळचा सोनईचा. आमचा भाग पाटपाण्याचा, जिकडे पाहावं तिकडे ऊस. दरवर्षी थंडी सुरू झाली की ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, पाचटाच्या खोप्या उभ्या राहायच्या आणि उन्हाळ्याच्या तोंडाला सगळं मोडून माणसं निघून जायची. ती येतात कुठून, हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात पडला नाही. यंदा दिवाळीनंतर माझी बदली झाली ती जामखेडकडच्या बाभूळदऱ्याला. म्हणजे नेमकी ती माणसं जिथून येतात तिथं! हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शाळा दोन शिक्षकी. मी हजर झालो त्याच आठवड्यात मुख्याध्यापक पित्ताशयाचे खडे काढायला रजेवर गेले. पोट धरून रिक्षात बसता बसता म्हणाले, "भागवत सर, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव टेबलावर आहे. फक्त सर्वेक्षण जोडा आणि पाठवून द्या!"

हंगामी वसतिगृह म्हणजे काय, तर आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहिलेल्या मुलांची जेवणाची आणि झोपण्याची सोय शाळेतच. सोय झाली की मुलं गावात राहतात. नाही झाली की उसाच्या फडात जातात.

"कदीपास्नं चालू व्हनार, सर?" हा प्रश्न मला रोज सकाळी खिचडीच्या चुलीपासून यायचा. विचारणार झुंबरबाई. शाळेत खिचडी शिजवतात. वय साठीच्या पुढे, आवाज तिशीतला. त्यांची चुलत नात धनश्री चौथीत होती. तिचा बाप अजिनाथ पोरीला झुंबरबाईंकडे सोडून टोळीबरोबर गेला होता. पण बजावून गेला होता, की पंधरा दिवसांत वसतिगृह सुरू झालं तर ठीक, नाहीतर येऊन घेऊन जाईन.

"भाकर मी घालीन ओ तिला," झुंबरबाई म्हणायच्या. "पर घरात एकच खोली. तिथं म्हातारा आजारी. रातभर खोकतो. पोर निजनार कुठं आन् वाचनार कुठं?"

धनश्रीचं गणिताचं पुस्तक मी एकदा हातात घेतलं. पहिली अर्धी पानं चुरगळून मऊ झालेली, पुढची अर्धी कोरी करकरीत.

"ही पानं उघडलीच नाहीत का गं?"

"दिवाळीच्या म्होरलं मला म्हाईत न्हाई, सर," ती म्हणाली. "कुठल्याच इयत्तेतलं. औंदा बघायचंय."

तेव्हा मला वाईट वाटलं. खरंच वाटलं! म्हणून तर ठरवलं, की हे सर्वेक्षण असं करायचं की साहेब लोकांनी तोंडात बोटं घालावीत.

दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. मोबाईलवर झकास फॉर्म बनवला. पटावर एक्केचाळीस नावं. सगळी मुलं पटांगणात बसवली आणि विचारलं, "आईवडिलांबरोबर ऊसतोडीला कोण कोण गेलंय? हात वर करा!"

एकही हात वर नाही.

"नीट ऐका! जे ऊसतोडीला गेलेत, त्यांनी हात वर करा!"

धनश्रीनं हात अर्धा वर केला आणि म्हणाली, "सर, मी मागल्या साली गेल्ते."

"यंदा गेलीस का?"

"न्हाई."

"मग हात खाली!"

बावीस मुलांनी 'नाही' सांगितलं. एकोणीस रकाने रिकामे राहिले. माझ्या मते दिवाळीची सुट्टी काही जणांच्या अंगातून अजून उतरली नव्हती. पण प्रशिक्षणात स्पष्ट शिकवलं होतं, की अपूर्ण नोंदी निकालात गोंधळ घालतात, त्या आधी काढून टाका. विदा स्वच्छ करा! मी एकोणीस रिकाम्या ओळी एका झटक्यात पुसल्या. फॉर्म कसा आरशासारखा लख्ख झाला. उरलेल्या बावीसपैकी ऊसतोडीला जाणारे शून्य. गावात राहणारे शंभर टक्के!

शंभर टक्के! असा स्वच्छ निकाल तर प्रशिक्षण देणाऱ्या सरांनीही पाहिला नसेल. मी तो अहवाल प्रस्तावाला जोडला, केंद्रप्रमुख गोरक्षनाथ साहेबांना पाठवला आणि त्याच आनंदात शाळेच्या पुढच्या भिंतीवर वर्तुळालेख रंगवायला घेतला. 'राहणारे' हिरव्या रंगात, 'जाणारे' तांबड्यात. तांबड्याचा डबा उघडायची वेळच आली नाही. हे एवढं मोठं, टेम्पोच्या चाकाएवढं हिरवं वर्तुळ!

झुंबरबाई उलथनं हातात घेऊन बघत उभ्या राहिल्या.

"भाकर काढली व्हय सर?"

"भाकरी नाही हो! हा वर्तुळालेख. गावाची परिस्थिती आहे ही."

"गावाची?" त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे. "मंग एकबी तुकडा मोडल्याला कसा न्हाई?"

अडाणी माणसाला काय समजावणार! मी ब्रश धुतला.

त्याच संध्याकाळी सोनईहून वडिलांचा फोन. आमच्या उसाला तोड आली होती आणि वडील भलतेच तापले होते.

"टोळीत आठ-नऊ पोरं आहेत रे! शाळेच्या वयाची! दिवसभर बांधावर बसून उसाच्या शेंड्यांचं वाढं मोजतात. कुठल्या शाळेची आहेत कुणास ठाऊक. यांचे मास्तर काय झोपा काढतात का?"

"अत्यंत बेजबाबदार माणसं असतात, दादा!" मी तळमळून म्हणालो. "आपल्या वर्गातली मुलं कुठं आहेत हेसुद्धा त्यांना माहीत नसतं!"

"अशांना उलटं टांगलं पाहिजे."

"टांगलंच पाहिजे!" मी दुजोरा दिला.

चौथ्या दिवशी गोरक्षनाथ साहेबांचा फोन आला. आवाज नुसता खुशीत! "भागवत सर, कमाल केलीत! शंभर टक्के? अहो, गटशिक्षणाधिकारी स्नेहल मॅडम स्वतः येताहेत शुक्रवारी. बाभूळदरा 'स्थलांतरमुक्त गाव' म्हणून सत्कार! आणि हो, तुमच्याकडं आता कुणी जात नाही म्हटल्यावर वसतिगृहाची गरज उरली नाही. तो प्रस्ताव रद्द केलाय. मागच्या वर्षी आलेली चाळीस ताटं आणि चटया पडून आहेत ना तुमच्या खोलीत? शुक्रवारीच टेम्पो पाठवतो. दुसऱ्या शाळेला देऊ."

सत्कार म्हटल्यावर माझी छाती जी फुगली, त्या फुगण्यात पुढची वाक्यं कानावर आली ती नुसती आली आणि गेली. 'रद्द' हा शब्द माझ्या डोक्यात शिरायला दोन तास लागले. शिरला तेव्हा मी जेवत होतो आणि घास तोंडातच राहिला. रद्द? मग धनश्री?

मी लगेच फोन लावला. "साहेब, वसतिगृह तर पाहिजे आहे आम्हाला!"

"कुणासाठी?"

"ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी."

"पण जाणारे शून्य, असं तुम्हीच लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

"मग? आकडा चूक आहे का?"

आकडा चूक! माझा! प्रमाणपत्र समोर भिंतीवर लटकत होतं. "आकडा अगदी बरोबर आहे, साहेब," मी म्हणालो आणि फोन ठेवून दिला. शुक्रवारी मॅडमना भेटून समजावून सांगू, असा विचार केला. काय समजावणार होतो हे मात्र मला माहीत नव्हतं.

इकडे सरपंच काकासाहेबांनी एसटी थांब्यावर फ्लेक्सही लावला. 'स्थलांतरमुक्त बाभूळदरा' आणि खाली स्वतःचा हात जोडलेला फोटो. मी त्यांना हळूच विचारलं, "सरपंच, तुम्हाला माहितेय ना, आपण कशापासून मुक्त झालोय?"

"त्ये कशाला इचारायचं, सर? आमी तंटामुक्त झालो, हागणदारीमुक्त झालो, आता ह्ये बी हुतो! सरकार मुक्त म्हनतंय तर आपुन न्हाई म्हनू नये."

शुक्रवार उजाडला. मॅडमची गाडी आली. तिच्यामागं ताटं न्यायचा टेम्पो आला. आणि टेम्पोच्या मागं, थांब्यावर एसटीतून उतरून, फ्लेक्स वाचत वाचत अजिनाथ आला. वसतिगृह रद्द झाल्याचं त्याला फोनवर कळलं होतं. तो पोरीला न्यायला आला होता; आधी तिचे कपडे आणायला झुंबरबाईंच्या घराकडे गेला.

समारंभ सुरू झाला. पुढं बावीस मुलं, मागं गाव. गाव म्हणजे काय, तर काठ्या, कानटोप्या आणि बोळकी तोंडं. साठीच्या आतला माणूस म्हणाल तर सरपंच, मी आणि टेम्पोचा ड्रायव्हर.

स्नेहल मॅडम माईकवर उभ्या राहिल्या. "आजूबाजूच्या सगळ्या गावांतून लोक ऊसतोडीला जातात आणि बाभूळदऱ्यातून कुणीच जात नाही! मला आधी खरंच वाटेना. म्हणून म्हटलं, आपण जाऊन बघावं." मग त्यांनी समोर नजर फिरवली. "सरपंच, तरुण मंडळी दिसत नाहीत?"

"येत्याल की, मॅडम!" काकासाहेब उत्साहानं म्हणाले.

"कधी?"

"पाडव्याला."

"पाडव्याला?"

"मंग! कारखाना बंद झाल्याबिगर कशी येत्याल?"

मॅडमनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या वर्तुळाकडे पाहिलं. ते खरंच भाकरीसारखं दिसत होतं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला. सगळे तिकडं पळाले. ताटांच्या पोत्यावर झुंबरबाई मांडी घालून बसल्या होत्या आणि ड्रायव्हर हात जोडून उभा होता.

"आजी, उठा ना! मला अजून दोन गावं करायची हायेत!"

"ताटं न्यायची आस्तील तर माज्यासकट ने!"

दारात अजिनाथ धनश्रीचा हात धरून उभा. तिचे कपडे खताच्या रिकाम्या पिशवीत भरलेले, गणिताचं पुस्तक काखेत. ती रडत नव्हती. नुसती ताटांकडे बघत होती.

मॅडमनी विचारलं, "हे काय चाललंय? या मुलीला कुठं नेताय?"

"सोनईला, मॅडम. तोड चालू हाय आमची." अजिनाथनं माझ्याकडे पाहून नमस्कार केला. "तुमच्याच वडलांच्या रानात हाओत की, सर! दादा लई चांगला मानूस. पोरांस्नी रोज चहा देत्यात. बाभूळदऱ्याचे म्हनल्यावर म्हनले, आरं, माजा पोरगा तिथंच गुरुजी हाय! आन् मंग एकदम गप झाले."

आठ-नऊ पोरं. बांधावर वाढं मोजणारी. ती माझ्याच पटावरची होती!

झुंबरबाई पोत्यावरूनच बोलल्या. रागानं नाही, अगदी साधं विचारावं तसं. "सर, जी पोरं गाडीत बसून गेली त्येंची इच्चारपूस तुमी हितं बसल्याल्या पोरांकडं केली. मंग गेल्यालं कोन हात वर करनार?"

तुम्ही म्हणाल, आता हा पळाला असेल. अजिबात नाही! मी सरळ मॅडमसमोर उभा राहिलो. कबुली देतानाही माझा आवाज खणखणीतच होता, हे संपूर्ण गाव सांगेल.

"मॅडम, चूक माझी आहे. एकोणीस मुलांचे रकाने रिकामे होते. मी ते पुसून टाकले. ज्यांच्यासाठी सर्वेक्षण होतं, नेमकी तीच मुलं मी कचरा म्हणून काढून टाकली. मला लाज वाटते. पण मुलीला जाऊ देऊ नका!"

मॅडम म्हणाल्या, "आता कशावर विश्वास ठेवू? एक कागद म्हणतो शून्य, तुम्ही म्हणता एकोणीस. पालक इथं नाहीत. मला सही करायला काहीतरी पुरावा लागेल ना?"

"पुरावा?" झुंबरबाई उठल्या. पण उठण्यापूर्वी धनश्रीला पोत्यावर बसवून उठल्या. चुलीपाशी जाऊन त्यांनी तांदूळ मोजायचा चेमटलेला डबा आणला आणि फळीवरचं पोषण आहाराचं रजिस्टर. "ह्यो डबा धा पोरांस्नी पुरतो. दिवाळीच्या आदी मी चार डबं आन् वर एक मूठ शिजवीत हुते. आता दोन डबं आन् दोन मुठी. मला लिवता येत न्हाई. सर रोज लिवत्यात, त्येंनाच वाचाया सांगा."

मॅडमनी रजिस्टर उघडलं. दिवाळीपूर्वी मुख्याध्यापकांच्या अक्षरात, जेवलेले विद्यार्थी एक्केचाळीस. दिवाळीनंतर बावीस. बावीस. बावीस. रोज बावीस, तारखेसकट, सहीसकट.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझंच, मॅडम."

"म्हणजे एकोणीस मुलं नाहीत हे तुम्ही रोज स्वतःच्या हातानं लिहीत होता?"

"हो. वाचत नव्हतो."

मॅडमच्या तोंडावर हसू आलं की राग, ते मला नीट दिसलं नाही, कारण मी खाली बघत होतो. पण त्यांनी जागेवर बसून, त्याच रजिस्टरचा आधार देऊन, वसतिगृह सोमवारपासून सुरू करायचा आदेश लिहिला.

अजिनाथ तरीही हलेना. "मागल्या साली बी सोमवार म्हनले हुते, चालू झालंच न्हाई. सही कुनाची हाय? शिक्का कुठं हाय? मला कागद दावा." त्यानं कागद खालीवर तपासला, शिक्क्यावर बोट फिरवलं, मोबाईलवर फोटो काढला आणि टोळीला पाठवला. मी मनात म्हटलं, बासुंदीच्या दिवशी हेच शिकवत असावेत.

मग त्यानं खताची पिशवी झुंबरबाईंच्या हातात दिली. "राहू दे तिला."

धनश्री पोत्यावरून उठलीच नाही. तिथंच बसून तिनं पुस्तक उघडलं, बरोबर मधोमध. कोऱ्या पानांचा कर्रर आवाज झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी चुलीच्या धुरावर ढकललं.

पंधरा दिवसांत एकोणीसपैकी चौदा मुलं परत आली. आठ तर आमच्याच रानातली! त्यांच्याबरोबर वडिलांनी निरोप पाठवला होता, 'टांगायचा दोर तयार आहे.' भिंतीवरच्या भाकरीचा जवळजवळ अर्धा भाग मी तांबडा केला आणि पुढं जसजशी मुलं आली तसतसा पुन्हा हिरवा करत गेलो. झुंबरबाई म्हणाल्या, "आता कुटं खाल्ल्यावानी दिसती!"

एवढ्यावर माझी कीर्ती थांबेल असं वाटलं का तुम्हाला? गेल्या महिन्यात शेवगावला शिक्षकांचं प्रशिक्षण झालं, आणि वक्ता म्हणून कोणाला बोलावलं? मला! विषय तोच, तिन्ही साक्षरता. मॅडमनीच नाव सुचवलं होतं. म्हणाल्या, "तुमच्याइतका अनुभव जिल्ह्यात कुणाला नाही." दोन तास बोललो. रिकामे रकाने, तांदळाचा डबा, शिक्का, सगळं सांगितलं. जे समोर नाहीत त्यांना आधी मोजा, हे तर सात वेळा सांगितलं! शेवटी अभिप्राय घेतला. "व्याख्यान आवडलं त्यांनी हात वर करा!" सगळे हात वर! सगळे!

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत शिरता शिरताच मी ओरडलो, "झुंबरबाई, शंभर टक्के लोकांना आवडलं!"

त्या तांदूळ मोजत होत्या. तिसरा डबा ओतता ओतता त्यांनी मान वर न करता विचारलं, "बोलाया लागला तवा किती मानसं हुती?"

"साठ."

"आन् हात वर केलं तवा?"

मी पातेल्यातल्या तांदळातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"अठरा," मी म्हणालो. त्यातला एक हॉलचा शिपाई होता, हे मात्र मी सांगितलं नाही. कुलूप लावायला आला होता बिचारा. किल्लीसकट हात वर केला त्यानं!